फोनवर दिसणारी शेतातली माती: मोजलेली की अंदाजाने काढलेली?

फोनच्या ब्राउझरमध्ये सॉइलग्रिड्स ही साइट उघडा. नकाशा सरकवत सरकवत आपल्या गावापर्यंत या आणि आपल्या शेतावर बोट टेकवा. थोड्या वेळात आकडे येतात. सामू इतका, सेंद्रिय कर्ब इतका, चिकणमाती इतकी, आणि तेही जमिनीच्या वरच्या थरापासून थेट दोन मीटर खोलीपर्यंत. पैसे लागत नाहीत, ओटीपीसुद्धा नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो: आमच्या वावरात येऊन हे लोक माती कधी तपासून गेले?

कोणी आलंच नव्हतं. तो आकडा तुमच्या शेतात मोजलेला नाही. दुसरीकडे कुठेतरी मोजलेल्या मातीवरून कॉम्प्युटरने काढलेला तो अंदाज आहे. बऱ्याचदा चांगला अंदाज असतो, काही वेळा अगदीच फसलेला.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आता अशा नकाशांवर चालणारी शेतीची ॲप्स येतायत आणि त्यातली काही थेट सांगतात की अमुक खत एकरी इतकं टाका. घरात फोनमधलं कळणारा माणूस म्हणजे तुम्ही. म्हणजे बाबा किंवा काका स्क्रीन पुढे करून "हे खरं आहे का रे?" असं तुम्हालाच विचारणार. डीएपीची ५० किलोची एक गोणी १३५० रुपयांना पडते. दोन-तीन एकरांच्या घरात पेरणीच्या तोंडावर दोन गोण्या जास्त घ्यायच्या की कमी, हा छोटा निर्णय नसतो.

नकाशा बनतो कसा?

आधी जुनी पद्धत. मातीचा सर्व्हे करणारा माणूस शेतात दीड-दोन मीटर खोल खड्डा घेतो, आत उतरतो, थर मोजतो, रंग बघतो, प्रत्येक थराची माती पिशवीत भरून लॅबला पाठवतो. अशा एका खड्ड्याच्या नोंदीला प्रोफाइल म्हणतात. आपल्याकडे या कामाचं मुख्य ठिकाण नागपूरला आहे. तिथल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोची स्थापना १९७६ ची. या संस्थेने देशाचे मातीचे नकाशे तयार केले. त्यांतला बराच वापरला गेलेला नकाशा १ : २,५०,००० या प्रमाणातला आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अडीच किलोमीटर. दोन एकरांचा चौकोनी तुकडा त्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरचाही भरत नाही. पेनचा ठिपका त्याहून मोठा पडेल.

प्रत्येक शेतात खड्डा घेणं शक्य नाही, हे उघड आहे. मग मधल्या जागा कशा भरायच्या?

याचं उत्तर खरं तर गावात सगळ्यांना माहीत असतं. माळाच्या माथ्यावर मुरमाड, उथळ, बरड जमीन. उतारावर खाली येताना मध्यम. ओढ्याच्या काठाला खोल, काळी, भारी. अनोळखी गावात गेलात तरी टेकडी आणि ओढा बघून कुठली जमीन हलकी असेल हे जुना शेतकरी लांबूनच सांगतो. तो माती बघत नाही, तर माती जिच्यामुळे तशी झाली ती परिस्थिती बघतो. दगड बेसॉल्टचा आहे का, पाऊस किती, उतार कसा, वर काय उगवतं, आणि हे सगळं किती काळ चाललंय.

हान्स जेनी या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये हाच विचार एका समीकरणाच्या रूपात मांडला: माती ठरते हवामान, जीवसृष्टी, उंचसखलपणा, मूळ खडक आणि काळ यांच्यावरून. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲलेक्स मॅकब्रॅटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला कॉम्प्युटरच्या भाषेत आणलं आणि त्यात दोन गोष्टी वाढवल्या. एक, त्या जागेच्या मातीबद्दल आधीच असलेली माहिती. दुसरी, ती जागा नकाशावर नेमकी कुठे आहे. आज ज्याला डिजिटल सॉइल मॅपिंग म्हणतात त्याचा पाया हा आहे.

आता कॉम्प्युटरकडे ही परिस्थिती दाखवणारा भरपूर डेटा असतो. उंचसखलपणाचा डेटा, जो फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलने ११ दिवसांत रडार लावून गोळा केला. उपग्रहांनी काढलेले हिरवळीचे, तापमानाचे, पावसाचे थर. जिथे खड्डा घेतलाय तिथला लॅबचा आकडा आणि त्याच जागेचे हे सगळे थर शेजारी शेजारी ठेवले की मशीन लर्निंगला शिकायला उदाहरणं मिळतात.

शिकतं कसं? सॉइलग्रिड्समध्ये रँडम फॉरेस्ट नावाची पद्धत वापरतात. एक झाड म्हणजे प्रश्नांची साखळी: उतार इतक्यापेक्षा जास्त आहे का? हो. पाऊस इतक्यापेक्षा कमी आहे का? हो. उन्हाळ्यात जमीन लवकर तापते का? मग इथे चिकणमाती साधारण इतकी. अशी शेकडो झाडं बनवतात, प्रत्येकाला उदाहरणांचा थोडा वेगळा गठ्ठा देतात, आणि शेवटी सगळ्यांची उत्तरं एकत्र करतात. पारावर बसलेल्या सगळ्या जुन्याजाणत्यांना एकच प्रश्न विचारून घेतल्यासारखं.

नेदरलँड्समधल्या वॅगनिंगन इथल्या आयएसआरआयसी या संस्थेने २०२० मध्ये सॉइलग्रिड्सची जी आवृत्ती आणली, तिच्यासाठी जगभरातल्या सुमारे २ लाख ४० हजार ठिकाणच्या मातीच्या नोंदी आणि परिस्थितीचे ४०० हून जास्त थर वापरले. आकडा मोठा वाटतो. पण हे सगळ्या जगासाठी आहे, आणि ठिकाणं सारखी पसरलेली नाहीत. ज्या देशांनी आपल्या नोंदी मोकळ्या केल्या तिथे गर्दी, बाकीकडे विरळ. भारताच्या आकाराच्या मानाने इथल्या मोकळ्या उपलब्ध नोंदी फारच कमी आहेत. म्हणजे तुमच्या वावराचा अंदाज काढताना मॉडेल जे शिकलंय त्यातला मोठा भाग दुसऱ्याच मुलखांतला आहे.

एका पिक्सेलमध्ये किती घरं?

सॉइलग्रिड्सचा एक पिक्सेल २५० मीटर बाय २५० मीटरचा. हिशेब केला तर साडेसहा हेक्टरला जरासा कमी, म्हणजे १५ एकरांहून थोडा जास्त. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर निघाली. म्हणजे एका पिक्सेलमध्ये चार-पाच घरांची शेती बसते, आणि सगळ्यांना एकच सामू, एकच कर्ब. आपल्या दख्खनच्या चढउताराच्या भागात २५० मीटरमध्ये माथ्यावरच्या मुरमापासून ओढ्याकाठच्या काळीपर्यंत सगळं येऊ शकतं. त्या सगळ्याची सरासरी म्हणजे अशी एक माती, जी त्या चौकोनात प्रत्यक्षात कुठेच नसेल.

मग पिक्सेल लहान केला तर? आफ्रिकेत तसं झालंय. आयएसडीए-सॉइल हा आफ्रिका खंडाचा नकाशा ३० मीटरचा आहे. त्याचा एक पिक्सेल साधारण नऊ गुंठ्यांचा. त्यासाठी एक लाखाहून जास्त नमुने वापरले, आणि त्यात स्फुरद, पालाश, जस्त यांचेही थर आहेत. काम मोठं आहे, यात शंका नाही.

पण फोनच्या कॅमेऱ्याने लांबचा फोटो काढून झूम केल्यावर काय होतं ते आठवा. धूसर चेहरा सॉफ्टवेअर स्वच्छ करून देतं, डोळे-नाक रेखीव दिसतात, मात्र ते त्याच माणसाचे असतील याची खात्री नसते. लहान पिक्सेलचंही तसंच आहे. रेषा बारीक दिसल्या म्हणून माहिती तेवढी बारीक झाली असं नाही. ती किती बारीक आहे हे खाली किती खड्डे घेतलेत त्यावर ठरतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण "नकाशा सोडा, आमच्याकडे सरकारी कार्ड आहे" असं अनेकजण म्हणतात. मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सूरतगडला सुरू झाली. आजवर २० कोटींहून जास्त कार्डं वाटली गेली. पण सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये नमुना प्रत्येक शेतातून घेतलेला नव्हता. बागायतीला अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूला दहा हेक्टरला एक, असे चौकोन पाडून नमुने घेतले आणि त्या चौकोनातल्या सगळ्या शेतकऱ्यांना तोच निकाल छापून दिला. दहा हेक्टर म्हणजे २५ एकर. म्हणजे कोरडवाहू गावातलं ते कार्डही एक पिक्सेलच होतं, सॉइलग्रिड्सच्या पिक्सेलपेक्षाही मोठं. फरक इतकाच की त्यात कुठेतरी एक खरा नमुना तरी होता. घरात जुनं कार्ड असेल तर नमुना कोणाच्या वावरातून गेला होता ते विचारून बघा. शेजाऱ्याच्या निघाला तर आश्चर्य वाटायला नको.

नकाशाला काय दिसतं आणि काय नाही

मातीच्या काही गोष्टी हळू बदलतात. चिकणमातीचं प्रमाण, खोली, दगडगोट्यांचं प्रमाण, बऱ्याच अंशी सामू. पिढ्यान्‌पिढ्या त्या जवळपास तशाच राहतात, कारण खडक, उतार आणि पाऊस यांनी त्या ठरवलेल्या असतात. नकाशाचा अंदाज इथे बऱ्यापैकी चालतो.

दुसऱ्या गोष्टी माणसाच्या हाताने बदलतात. स्फुरद, जस्त, गंधक, उपलब्ध नत्र. बांधाच्या अलीकडे दहा वर्षं शेणखत पडलंय आणि पलीकडे फक्त युरिया, तर दोन्हीकडची माती आकाशातून एकसारखी काळी दिसेल, आणि लॅबमध्ये निकाल वेगळा येईल. कुठल्या वर्षी कोणी किती गोण्या ओतल्या हे उपग्रहाला कसं कळणार?

गंमत म्हणजे खताचा निर्णय नेमका याच दुसऱ्या गटावर असतो. सॉइलग्रिड्समध्ये उपलब्ध स्फुरद, पालाश किंवा जस्त यांचे थरच नाहीत. नायट्रोजनचा थर आहे, पण तो एकूण नायट्रोजनचा. त्यातला बहुतेक सेंद्रिय पदार्थात अडकलेला असतो आणि पिकाला त्यातला थोडाच मिळतो. माती परीक्षणाच्या अहवालातला "उपलब्ध नत्र" हा आकडा वेगळा. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे घराची किंमत आणि खिशातली रोकड यांची तुलना.

पहिल्या गटातही नकाशा फसतो अशा जागा आपल्या राज्यात आहेत. विदर्भातला पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा घ्या, अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला. वरून बघितलं तर खोल काळी सुंदर जमीन. पण खालच्या थरांत सोडियम जास्त, पाण्याचा निचरा होत नाही, विहिरीचं पाणी खारं. उपग्रहाला मातीची फक्त वरची कातडी दिसते, आणि खरिपात तर तीही पिकाखाली झाकलेली असते. किंवा सांगली-कोल्हापूरकडचा उसाचा पट्टा घ्या, जिथे वर्षानुवर्षं पाटपाणी जास्त झाल्याने चांगल्या जमिनी चोपण आणि खारवट झाल्या. तिथे माती पाण्याने बदलली, खडक आणि पाऊस तेच राहिले. खडक-पावसावरून अंदाज बांधणाऱ्या मॉडेलला हे जवळच्या खऱ्या नमुन्यांशिवाय समजणं कठीण आहे.

तीन आकड्यांपैकी मधलाच का बघता?

सॉइलग्रिड्सची एक गोष्ट मला प्रामाणिक वाटते, आणि बहुतेक ॲप्स ती लपवतात. प्रत्येक जागेसाठी ते एकच आकडा देत नाहीत. मधला अंदाज देतात, आणि सोबत खालची आणि वरची मर्यादा. त्यांना पाच टक्के आणि ९५ टक्के क्वांटाइल म्हणतात. अर्थ असा की मॉडेलच्या मते खरा आकडा दहापैकी नऊ वेळा या दोघांच्या मध्ये पडायला हवा.

समजा तुमच्या शेतावर सामू मधला ७.८, खालचा ६.९ आणि वरचा ८.७ आला. ६.९ म्हणजे जवळजवळ उदासीन, काळजी नाही. ८.७ म्हणजे सोडियम तपासून घ्या, कदाचित जिप्सम लागेल, आणि हरभरा किंवा सोयाबीनची पानं पिवळी पडत असतील तर लोह मिळत नाहीये का ते बघा. एकाच पिक्सेलमध्ये या दोन्ही शक्यता आहेत. ॲपवाला तुम्हाला फक्त ७.८ दाखवणार, ठळक अक्षरांत, हिरव्या रंगात.

मर्यादांमधलं अंतर कमी असेल तर अंदाजावर थोडा विश्वास ठेवा. अंतर मोठं असेल तर "मला इथलं माहीत नाही" असं मॉडेल त्याच्या भाषेत सांगतंय.

जाता जाता, या साइटवर आकडे वाचताना एक खबरदारी. सामू १० ने गुणून साठवलेला असतो, त्यामुळे ७८ दिसलं तर ७.८ समजा. चिकणमातीचा आकडा किलोमागे ग्रॅममध्ये असतो, ५२० म्हणजे ५२ टक्के. हे माहीत नसल्यामुळे "आमच्या जमिनीचा पीएच ७८ आलाय" असं म्हणत घाबरणारे लोक असतात.

इथिओपियात काय झालं

नकाशावरून खत ठरवण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग बहुधा इथिओपियाचा. तिथे अनेक दशकं सरकारी खत म्हणजे डीएपी आणि युरिया, बस्स. २०१२ पासून त्यांनी देशभर नमुने घेतले आणि मातीचे नकाशे बनवले. नमुने तपासायला इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीही वापरली. यात मातीवर प्रकाश टाकून परत आलेल्या प्रकाशावरून घटकांचा अंदाज बांधतात. रसायनं कमी लागतात, वेळ आणि पैसा वाचतो. नकाशांत दिसलं की गंधक, बोरॉन, जस्त, काही ठिकाणी पालाशही कमी आहे. सरकारने डीएपीच्या जागी गंधक असलेलं खत आणलं, भागानुसार मिश्रखतं बनवली.

इथवर गोष्ट छान आहे. नंतर शेतांवर चाचण्या झाल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी दिसलं की उत्पादन वाढतं ते मुख्यतः नत्र आणि स्फुरदाने, बाकीचे घटक घालून फारसा फरक पडत नाही. नकाशा "कमी" म्हणाला, पिकाने मात्र ते मागितलंच नव्हतं. मातीत अमुक घटक किती आहे आणि तो घातल्यावर पीक किती वाढेल हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर फक्त शेतात पीक घेऊनच मिळतं. आपली कृषी विद्यापीठं, उदाहरणार्थ राहुरी, पिकानुसार अशी समीकरणं वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन तयार करतात: मातीत इतकं आहे, उत्पादन इतकं हवंय, तर खत इतकं. ॲप कितीही चकचकीत असलं तरी त्याच्यामागे असं काही आहे का, ते विचारा.

मग मोबाइलचा काहीच उपयोग नाही का?

आहे, आणि तो मोजलाही गेलाय. रायसा फाब्रेगास, मायकेल क्रेमर आणि फ्रँक शिलबाख यांनी २०१९ मध्ये आफ्रिका आणि भारतातले असे प्रयोग एकत्र करून बघितले. क्रेमर यांना त्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मोबाइलवरून शेतीचा सल्ला दिल्याने उत्पादन सरासरी ४ टक्क्यांनी वाढलं, आणि सुचवलेली खतं-औषधं वापरण्याची शक्यता २२ टक्क्यांनी. ४ टक्के ऐकायला कमी वाटतात. पण एक मेसेज किंवा कॉल पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून हिशेब जमतो. "आमच्या ॲपने उत्पन्न दुप्पट" असं कोणी सांगितलं की हा चारचा आकडा आठवा.

उलट नुसता कागद हातात देऊन काय होतं तेही बघितलं गेलंय. बिहारमध्ये शेतकऱ्यांना माती परीक्षणाचे निकाल आणि सल्ला देऊन बघितला, त्यांच्या खताच्या वापरात फारसा फरक पडला नाही. गुजरातमध्ये अशाच एका अभ्यासात दिसलं की कार्डावर काय लिहिलंय हेच बहुतेकांना कळत नव्हतं, आणि तेच ऑडिओ किंवा व्हिडिओतून समजावल्यावर समज बरीच वाढली. म्हणजे अडचण बऱ्याचदा आकड्याच्या नंतर सुरू होते.

आणि इथे तुमचं काम येतं. कार्ड हेक्टरी किलोमध्ये बोलतं, घर एकरी गोण्यांमध्ये. समजा कार्डावर हेक्टरी ६० किलो स्फुरद सांगितलंय. एक एकर म्हणजे ०.४ हेक्टर, म्हणजे एकरी २४ किलो. डीएपीमध्ये स्फुरद ४६ टक्के, म्हणून ५० किलोच्या गोणीत २३ किलो. थोडक्यात एकरी एक गोणी. त्याच गोणीत १८ टक्के नत्र, म्हणजे ९ किलो नत्रही आलं, ते युरियातून वजा करा. हे गणित फोनच्या कॅल्क्युलेटरवर मिनिटाभरात होतं आणि घरात एखादी गोणी वाचवू शकतं.

नकाशा खड्डा कुठे घ्यायचा ते सांगतो

माझ्या मते फोनवरच्या मातीच्या नकाशाचा खरा फायदा हा आहे. खताचा डोस त्याला विचारू नका. नमुना कुठून घ्यायचा ते विचारा.

कसं ते सांगतो. गूगल अर्थवर किंवा कोपर्निकस ब्राउझरवर आपल्या शेताचा एप्रिल-मेमधला फोटो शोधा, जेव्हा जमीन उघडी असते. सेंटिनेल-२ उपग्रहाचा रंगीत फोटो १० मीटर पिक्सेलचा असतो. १० बाय १० म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास बरोबर एक गुंठा! आपल्याच जमिनीच्या मापात उपग्रह फोटो काढतो म्हणा ना. फोटोत एखादा कोपरा फिकट आणि बाकी गडद दिसतो का? मग पीक उभं असतानाचा, सप्टेंबरचा फोटो काढा. तोच कोपरा आधी पिवळा पडतो का? दोन-तीन वर्षांचे फोटो पाठोपाठ बघा. एखाद्या वर्षी पडलेला डाग रोगाचा असू शकतो, पण दरवर्षी त्याच जागी दिसणारा डाग बहुतेक मातीचा असतो.

आता घरात विचारा. "तिथे चुनखडी आहे", "ते चिबड आहे, पाणी धरतं", "तिकडे आजोबांनी गाळ टाकला होता" अशी उत्तरं लगेच येतील. फोटो आणि घरच्यांची माहिती जुळली की शेताचे दोन किंवा तीन भाग पडतात. प्रत्येक भागाचा नमुना वेगळा. सगळ्या वावराची माती एकत्र केली तर तीच सरासरीची चूक तुम्ही स्वतः कराल.

नमुना घ्यायची रीत सोपी आहे. एका भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडा. बांधाजवळ, झाडाखाली, विहिरीजवळ आणि शेणखताचा ढीग होता तिथे नको. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा, साधारण २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूचा सारखा जाड थर वरपासून खालपर्यंत तासून काढा. फळबागेसाठी खोली जास्त लागते, ते लॅबला विचारा. सगळी माती घमेल्यात एकत्र करा, पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. जस्त किंवा लोह तपासायचं असेल तर गंजकं लोखंडी खुरपं आणि पत्र्याचं घमेलं टाळा, लाकडी पट्टी आणि प्लास्टिकची पाटी वापरा. माती सावलीत वाळवा, उन्हात नाही.

इथे फोन पुन्हा बाहेर काढा. प्रत्येक भागाच्या मधोमध उभं राहून लोकेशन सेव्ह करा आणि पिशवीवर तोच नंबर लिहा. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं, या कामाला ते पुरतं. मृदा आरोग्य पत्रिकेच्या सरकारी ॲपमध्येही आता नमुना घेताना जागेचं लोकेशन आपोआप नोंदवलं जातं आणि नमुन्याला क्यूआर कोड मिळतो. गावात कोणी नमुना घ्यायला आलं तर तो आपल्याच शेतात उभा राहून नोंद करतोय ना, एवढं बघा. बांधावर किंवा चावडीवर बसून भरलेलं लोकेशन नकाशात कायमचं चुकीचं बसतं.

पिशवी जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. सरकारी कार्डासाठी बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिशवी देताना बाराही होणार का ते विचारून घ्या.

लॅबला जायच्या आधी घरीच एक तपासणी करता येते. मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठा-बोटाच्या मध्ये दाबत पट्टी काढा. पट्टी लगेच तुटली तर वाळू जास्त, लांब चकचकीत निघाली तर चिकणमाती जास्त. लँडपीकेएस नावाचं मोफत ॲप ही चाचणी पायरी पायरीने करायला शिकवतं. सॉइलग्रिड्स ५५ टक्के चिकणमाती म्हणत असेल आणि तुमची पट्टी दोन सेंटिमीटरही निघत नसेल, तर खुशाल हातावर विश्वास ठेवा.

ॲप घेताना

सल्ला देणारा आणि खत विकणारा एकच असेल तर सावध राहा. त्याने सांगितलेला डोस चुकीचाच असेल असं नाही, पण तो विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून बघा. ॲपला विचारा, हा आकडा कुठून आला: माझ्या नमुन्यावरून की नकाशावरून? उत्तर कुठेच सापडत नसेल तर नकाशावरून असं धरून चाला. आणि सातबारा, आधार, शेताच्या सीमा असं सगळं एकदम मागणाऱ्या ॲपला नुसता सामू सांगायला याची गरज काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

लॅबचा अहवाल आला की त्याचा फोटो काढून लोकेशनसोबत एका फोल्डरमध्ये ठेवा, वर्ष आणि भागाचा नंबर लिहून. दोन-तीन वर्षांनी त्याच ठिकाणांवरून पुन्हा नमुने घ्या, शक्यतो त्याच महिन्यात. रब्बी काढल्यानंतर आणि खरिपाचं खत पडायच्या आधी, म्हणजे एप्रिल-मे ही वेळ चांगली. लॅबमध्ये मेच्या शेवटी गर्दी होते, त्यामुळे एप्रिलमध्येच पिशव्या पोचवलेल्या बऱ्या.